थोरलं कोहळं

१ फेब्रुवारी १९३३, नागपूर

आले बाई एकदाची! पेटी, वळकटी, तांब्या आणि मी, चौघंही धडधाकट पोचलो. टांगेवाला धंतोलीत तीन वेळा रस्ता चुकला आणि तिन्ही वेळा मलाच विचारायला लागला. मी म्हटलं, बाबा रे, मी आत्ता गाडीतून उतरले, मला पुसून काय उपयोग? शेवटी रुळांच्या अलीकडे, वस्ती संपते तिथे, घर सापडलं. कौलारू, दोन खोल्या, पुढे ओसरी. मागे विहीर आणि विहिरीपलीकडे भली थोरली सांदवाडी. घरमालक महादेवराव शेजारीच राहतात. पेन्शनर गृहस्थ, तोंडात सदा सुपारी. त्यांनी दाराच्या किल्ल्या दिल्या आणि मागे हात करून म्हणाले की सांदवाडी पडीत आहे, काय लावायचं ते लावा. सागरच्या शाळेत अकरा वर्षं 'आँगन, आँगन' ऐकून माझे कान किटले होते. परसाला कुणीतरी सांदवाडी म्हटलं आणि मी एकदम आर्वीच्या माहेरी जाऊन आले.

शाळा सीताबर्डीला, चालत वीस मिनिटं. हेडबाईंनी चहा दिला आणि पाचवीचा वर्ग दिला. घर झाडून झालं, चूल पेटली, पिठलं-भातही झाला. सगळं आहे, फक्त नावाने हाक मारणारं कुणी नाही. मला 'गोपी' म्हणणारी सासर-माहेरची सगळी माणसं गेली. शाळेत मी बाई, पत्रावर गं. भा. गोपिकाबाई आणि टांग्यात नुसतं 'ओ बाई'. असो. रडत बसायला नागपूरला आलेले नाही.

५ फेब्रुवारी

रविवार. भूमितीच्या वहीतला चौकटींचा कागद फाडला आणि सांदवाडीचा नकाशा काढला. एक चौकट म्हणजे एक हात. विहिरीजवळ पालक, चुका आणि सांबार (पुण्याच्या लोकांची कोथिंबीर). मग दोन वाफे भेंडी, एक गवार, एक ढेमसं. कुंपणावर चवळी आणि दोडकी. कारल्याला मांडव, त्याच्या सावलीत बसायला एक दगड. आणि मधोमध, सगळ्यात भुसभुशीत जागी, प्रेमाचा वाफा.

प्रेमा म्हणजे प्रेमलता, माझ्या धाकट्या बहिणीची, ताराची मुलगी. तारा गेल्या श्रावणात गेली. पोर सात वर्षांची आहे. तिचे वडील कृष्णकांत चांद्याला खाणीच्या कचेरीत आहेत, दिवसभर बाहेर असतात, पोर शेजाऱ्यांच्या ओट्यावर वाढते आहे. त्यांनी आपणहून लिहिलं की घर लागलं, सगळं नीट बसलं की परीक्षेनंतर प्रेमा कायमची तुमच्याकडे. मी ते पत्र किती वेळा वाचलं ते लिहीत नाही, लाज वाटते. या घरात पोर यायची आहे. त्यासाठी ही सगळी मांडामांड.

पत्रात तिचाही एक कागद होता. अक्षर मोठमोठं, ओळी उतरत्या. "मावशी, मला गाजर पाहिजे. मुळा नको, मुळ्याने बाबांना ढेकर येतात. आणि माझा वाफा दुसऱ्या कुणाला देऊ नको." गाजराचा हंगाम खरं तर सरला, पण हे त्या ठकीला सांगणार कोण! दोन ओळी पेरीनच.

१२ फेब्रुवारी

कंबर म्हणजे काय असते ते आज कळलं. सकाळपासून खणती. मदतीला पंचफुला होती. ती दर रविवारी कन्हानहून सकाळच्या गाडीने भाजीची टोपली घेऊन येते, साठीची आहे आणि माझ्या दुप्पट खणते. शेणखत तिनेच मिळवून दिलं. बिया तिच्याच पदराच्या गाठीतल्या, आणि प्रत्येक बीमागे एक नियम. कोवळ्या फळाकडे बोट दाखवू नये, बोट दाखवलं की ते सुकून गळतं. दाखवायचंच तर बोट मुडपून दाखवायचं. मी म्हटलं, हे मला आजीने सांगितलेलं आहे, आणि आजी तर म्हणायची की रात्री शिट्टी वाजवली की साप येतो.

मग तिने कोहळ्याच्या चार बिया काढल्या. तांबड्या भोपळ्याला इकडे कोहळंच म्हणतात. त्याचे तळलेले गोड बोंडे मला जीव की प्राण. पण पंचफुलाने बिया हातावर ठेवता ठेवता बजावलं, वेलाचं पहिलं कोहळं म्हणजे घरचा थोरला पोरगा. बाईमाणसानं ते चिरू नये. गड्यानं आधी दोन फोडी कराच्या, मंग बाईनं विळी धराची. मी विचारलं, आणि घरात गडीच नसला तर? ती म्हणाली, शेजारचा बोलवाचा. गड्यानं चिरलं तं तो आपल्या वाटेनं निंघून जाते. मायच्या हातानं चिरलं तं तो मायच्याच पदरात वापस येते.

मी हसून म्हटलं, आला तर येऊ दे, पदर रिकामाच आहे. ती हसली नाही.

ती गेल्यावर एक काम केलं, ते लिहून ठेवते. पेटीच्या तळाशी एक पितळी डबी आहे. तीत हिंगणघाटच्या वणा नदीकाठची मूठभर माती आहे. माझा मनू तिथे आहे. अडीच वर्षांचा होता. त्याचे वडील आधीच गेले होते. मी त्याला सासूबाईंकडे ठेवून मास्तरणीच्या शिक्षणाला जबलपूरला गेले, कारण दोघांच्या पोटाचा प्रश्न होता. त्याला ताप आला. चौथ्या दिवशी गेला आणि मला कार्ड आलं आठव्या दिवशी. लहान मूल, म्हणून जाळलं नाही, पुरलं. मला फक्त जागा दाखवली. झोपताना माझ्या डाव्या कानाची पाळी चिमटीत धरायची त्याची सवय होती. सगळे मला गोपी म्हणत म्हणून तोही गोपीच म्हणायचा. आई म्हणायला शिकवत होते, तेवढ्यात मी गेले.

अकरा वर्षं ती डबी पेटीत वागवली. आज वाटलं, मातीला माती मिळू दे. प्रेमाच्या वाफ्याच्या कडेला कोहळ्याचं आळं केलं, डबी त्यात रिकामी केली, वर बिया टोचल्या. मावसभावंडं शेजारी शेजारी राहतील. फार बरं वाटलं. जेवताना थोडं रडले, पण ते चांगलं रडणं होतं.

२१ फेब्रुवारी

उगवलं! पालक उगवला, भेंडीने माती उचलली, गवारीचे कान वर आले. मी शाळेत निघताना एकदा आणि आल्यावर एकदा सगळ्यांची हजेरी घेते. गाजरं गैरहजर. कोहळ्याच्या चार बियांतली एकच आली, पण काय आली! दोन पानं तळहाताएवढी. महादेवराव कुंपणावरून म्हणाले की बाईंच्या हाताला गुण आहे. मी दिवसभर ते वाक्य चघळत होते, यावरून मी किती एकटी आहे ते कळावं.

१२ मार्च

होळी. पुढच्या गल्लीत पोरांचा धुडगूस चालू आहे. मला कोण रंग लावणार? पांढऱ्या लुगड्याला सगळे वळसा घालून जातात. मी आपली मागे जाऊन वेलापाशी बसले. इतर सगळं हळू चाललं आहे, वेल मात्र रोज हातभर वाढतो. मी कुंपणाकडे वळवते आणि तो सकाळी पुन्हा घराकडे तोंड करून असतो. पंचफुला म्हणाली, वेल सावली पाहून जाते. घराची सावली सकाळी पलीकडे पडते, हे मी भूगोलाची मास्तरीण असून बोलले नाही.

मी त्याच्याशी बोलते, हेही कबूल करून टाकते. आज शाळेत काय झालं, कोण पाढे चुकली. पंचफुलाने ऐकलं आणि विचारलं, काहून वं माय, कोनाशी बोलून राहिल्या तुमी? मी म्हटलं, भाजीशी. ती म्हणाली, भाजीशी बोलाले हरकत नाई, फक्त ओ देली तं सांगा.

२७ मार्च

पाडवा. एकटीने गुढी उभारली. वाटीभर श्रीखंड केलं आणि तेही उरलं. पण वेलाने माझा सण केला. पहिलं कोहळं धरलं आहे! मुठीएवढं, हिरवंगार, अंगावर बारीक लव. पंचफुला म्हणते, दीड महिन्यात कोहळं धरलेलं तिने जन्मात पाहिलं नाही.

माहेरी आम्ही कोवळ्या भोपळ्यावर सुईने नाव कोरत असू. फळ वाढतं तशी अक्षरं वाढतात. सुई आणली. कुणाचं नाव, हा प्रश्नच नव्हता. "मनू" कोरलं. दोन अक्षरं, हलक्या हाताने. चीक आला तो पदराने टिपला. थोरला मुलगा तर थोरला मुलगा, मग नाव नको का त्याला?

६ एप्रिल

दुसरं कोहळं धरलं. त्यावर "प्रेमा" कोरलं. तिला पत्रात कळवलं की तुझ्या नावाचं फळ तुझी वाट बघतं आहे. परीक्षा झाल्या की महिनाअखेरीस येते म्हणून उत्तर आलं. तिच्यासाठी शाळेतल्या शिवणाच्या तासाला चिंध्यांची बाहुली केली आहे. बाहुली प्रेमाच्या वाफ्यात काठीला बांधून ठेवली, म्हणजे कावळे यायचे नाहीत आणि आल्या आल्या तिला दिसेल.

मनूचं कोहळं आता घागरीएवढं आहे. नावाची अक्षरं वीतभर लांब झाली.

एक गोष्ट खटकली. ऊन आता रणरणतं आहे. दुपारी भेंडी मान टाकते, दोडकीची पानं चुरमडतात. कोहळ्याची पानं ताठ. आणि प्रेमाच्या वाफ्यात जी चार गाजरं उगवली होती, ती मेली. रोज पाणी घालते तरी मेली.

९ एप्रिल

बाहुली काठीवर नव्हती. शोधली तर वेलाखाली. वेलाचे कुरळे ताणे तिच्या गळ्याभोवती इतके घट्ट बसले होते की कात्री आणावी लागली. वेल मिळेल त्याला धरतो, हे पाचवीच्या पोरींनाही ठाऊक आहे. मीच त्यांना शिकवते.

बाहुली घरात आणून ठेवली.

११ एप्रिल

सकाळची शाळा असते, म्हणून पहाटे उठून पाणी घालते. गार वारा होता, विहिरीचं पाणी बर्फासारखं. कोहळ्याखाली पेंढा सारायला हात लावला आणि काढून घेतला. ते तापलं होतं. सूर्य उगवलेला नसताना. दगड गार, माती गार, शेजारचं प्रेमाचं लहान कोहळं गार. ते तेवढं गरम.

आई झालेल्या बाईला हे तापणं ठाऊक असतं. कपाळाला हात लावला की कळतं.

मी वेडी आहे. शाळेला उशीर झाला.

१३ एप्रिल

कृष्णकांतांचं पत्र. प्रेमाला मंगळवारपासून ताप आहे. काळजी नसावी, उन्हाचा असेल. मंगळवार म्हणजे अकरा तारीख.

संध्याकाळी पाहिलं. प्रेमाचं कोहळं देठाकडून पिवळं पडलं आहे. एक ताणा मनूच्या बाजूने आला आहे आणि देठाभोवती तीन वेढे घालून बसला आहे. कात्रीने कापला.

१४ एप्रिल

ताणा पुन्हा. पाच वेढे. कापला.

मनूचं कोहळं दुपारी इतकं तापलं होतं की मला राहवलं नाही. जुनं धोतर फाडलं, विहिरीच्या पाण्यात पिळलं, घडी करून अक्षरांच्या वर ठेवली. घडी सुकली, पुन्हा ठेवली. शाळेत गेले नाही. तेव्हा ठेवायला मी नव्हते. कुणी ठेवल्या असतील का घड्या? मी कुणाला विचारलंच नाही, उत्तराची भीती होती. आज सहा तास ठेवल्या आणि खरं लिहायचं तर अकरा वर्षांत इतकं शांत वाटलं नव्हतं.

१६ एप्रिल

पंचफुलाने घडी पाहिली. अक्षरं तिला वाचता येत नाहीत, पण तिने विचारलं की नाव कोनाचं हाय. मी सांगितलं. डबीतल्या मातीचंही सांगितलं. ती म्हणाली, बाई, तुमी त्याले जागा देल्ली, नाव देल्लं, आता दुसरं लेकरू कसं पाहवीन त्याले?

तिचं म्हणणं, आजच्या आज गडी बोलवा, दोन फोडी करून वाहत्या पाण्यात सोडा. आपल्या वाटेनं जाईल. मी म्हटलं, हा सगळा खुळचटपणा आहे. ती म्हणाली, मंग तुमी घड्या काहून ठेवून राहिल्या?

१८ एप्रिल

दुसरं पत्र. ताप उतरत नाही. पोर बरळते. म्हणते, कुणीतरी माझी जागा मागतो आहे.

महादेवरावांकडे गेले. काय सांगणार? म्हटलं, पहिलं कोहळं आहे, घरात पुरुष नाही, तुम्ही चिरून द्या. त्यांना आनंद झाला, रीत पाळणारी मास्तरीण म्हणून. कोयता घेऊन आले. नेम धरायला डावा हात कोहळ्यावर ठेवला. तसेच थांबले. मग हात धोतराला पुसत पुसत मागे सरले. एवढंच म्हणाले, याले तं ताप हाय, बाई. मी नाई हात लावत.

कोयता इथेच टाकून गेले. तेव्हापासून त्यांची सांदवाडीकडची खिडकी बंद आहे. आणखी कुणाला बोलावू? या गावात मला ओळखणारा दुसरा पुरुष नाही.

२० एप्रिल

तार. "प्रेमा अत्यवस्थ."

देठाभोवती ताण्याचे नऊ वेढे. कापते, दुपारपर्यंत परत येतात. तिचं कोहळं सुरकुतलं.

मनू, अरे, लहान आहे ती. मोठा ना तू —

२१ एप्रिल

चिरलं. मीच.

गिरणीचा बाराचा भोंगा झाला तेव्हा. कुणी नव्हतं. नुसतं ऊन. घडी काढली, त्याला सांगितलं की तुझी बहीण आहे रे ती, वाचू दे. डोळे मिटले. जबलपूरला निघाले तेव्हाही मी डोळे मिटूनच टांग्यात बसले होते. तो ओट्यावर उभा होता.

विळी आपोआप गेल्यासारखी गेली. आवाज नाही, काही नाही. आत एकही बी नव्हती. गर नव्हता. रिकामं, स्वच्छ, धुऊन ठेवलेल्या पाळण्यासारखं.

दोन्ही फोडी पुरल्या. वाहत्या पाण्यात सोडायच्या होत्या. नदीपर्यंत पाय चालले नाहीत.

डाव्या कानाची पाळी दुखते आहे. कुणी ओढल्यासारखी.

२३ एप्रिल

पत्र! एकवीस तारखेला दुपारी बाराच्या सुमारास प्रेमाचा ताप एकदम उतरला. डॉक्टर चकित झाले. गुरुवारी घेऊन येतो, असं कृष्णकांत लिहितात. देवा, देवा! मी पत्र छातीशी धरून सगळ्या घरभर फिरले. ओरडावंसं वाटलं, पण कुणाला ओरडून सांगणार?

पंचफुलाला सांगितलं. तिने विचारलं, कोनं चिरलं? मी सांगितलं. तिने टोपली उचलली. दारातून वळून म्हणाली, पोरगी येईन तवा तिच्या डोयात पाहा, बाई. खरं तर मी वेल उपटायला हवा होता, पण प्रेमाचं लहान कोहळं पुन्हा हिरवं होऊ लागलं आहे. तिचं नाव आहे त्यावर. कसं उपटू?

२७ एप्रिल

अक्षय्य तृतीया. गेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर भरायची. ताराच्या नावाने भरली. मनूची भरायला घेतली आणि हात अडला. गेलेल्यांचीच भरतात ना.

प्रेमा आली. केवढी वाळली आहे. कृष्णकांतांनी कडेवरून उतरवली, तापापासून चालायला मागत नाही. बोलतही नाही. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा. वाटेत सगळा वेळ झोपली होती. हिंगणघाटला मात्र एकदम उठून बसली, खिडकीतून नदीकडे बघून हसली आणि परत झोपली. रजा नव्हती, ते संध्याकाळच्या गाडीने परत गेले.

मी तिच्या डोळ्यांत पाहिलं नाही.

२९ एप्रिल

बाहुली दिली. तिने दूर लोटली. पाटी दिली, पेन्सिल मुठीत धरली, उभी, जशी दोन वर्षांचं मूल धरतं. महिन्यापूर्वी हिने मला पत्र लिहिलं होतं. वाफा दाखवला, म्हटलं, गाजरं मेली गं, पुन्हा लावू. तिला त्याचं काहीच नाही. माझ्या निऱ्या धरून उभी.

तापाने मुलं विसरतात. पुन्हा शिकतील.

पण लहान कोहळं —

पहाटे हात लावला. गरम आहे.

३० एप्रिल

पंचफुला आली नाही.

दुपारी पोरीला कुशीत घेऊन पडले. अकरा वर्षांत कुशीत कुणी नव्हतं. डोळा लागत होता आणि तिचा हात वर आला. डाव्या कानाकडे. पाळी चिमटीत धरली.

ही सवय ताराला माहीत नव्हती. कृष्णकांतांना नाही. कुणालाच नाही. मी हललेसुद्धा नाही. भ्याले म्हणून नाही — तो हात निघून जाईल म्हणून. देवा, मला क्षमा कर —

१ मे

कृष्णकांतांना लिहायला बसले. "प्रेमा" लिहिलं आणि पुढे —

काय लिहू? लिहिलं तर येऊन घेऊन जातील. कुणाला नेतील?

लहान कोहळ्यावरच्या अक्षरांतून पाणी झिरपतं. पुसते. परत येतं.

२ मे

विचारलं. सरळ विचारलं. प्रेमा कुठे आहे?

हसला. ओट्यावरून सांदवाडीकडे बोट — सरळ, ताठ बोट — कोवळ्या कोहळ्याकडे — मी ओरडले, बोट नको, बोट मुडप — त्याला काय कळतंय, अडीच वर्षांचा तर —

दुपार

देठ पिवळा पडला. एका तासात. पाणी घातलं, पितच नाही.

उपाय मला ठाऊक आहे. मायच्या हातानं चिरलं तर पदरात परत येते. येईल माझी प्रेमा. आणि याला — पदर एकच आहे —

विळी उंबऱ्यावर काढून ठेवली. संध्याकाळपर्यंत टिकणार नाही ती, या उन्हात. आत्ताच जायला हवं. आत्ता —

आतून हाक आली. गोपी.

अकरा वर्षांत कुणी — पुन्हा. गोपी. झोप आली आहे त्याला, किरकिरतो —

प्रेमा, थांब हं बाळा, येतेच. तुझा वाफा कुणाला देणार नाही. एवढा याचा डोळा लागू दे, लगेच विळी घेऊन — ऊन अजून — हो रे, आले, गोपी आली, धर, हा घे कान, मग मावशी लगेच —